रेषेवर देवळे, की देवळांवरून रेषा?

केदारनाथपासून रामेश्वरपर्यंतची प्रमुख शिवमंदिरे एकाच रेखांशावर उभी आहेत, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. उपग्रह-नकाशाच्या साहाय्याने तो कोणत्याही विद्यार्थ्याला पडताळता येतो.

केदारनाथ आणि तिरुवण्णामलै 79.07 अंशांवर आहेत, रामेश्वर 79.32 वर, काळेश्वरम 79.91 वर, तर तिरुवानैक्कावल 78.71 वर. म्हणजे ही रेषा नव्हे, सुमारे 130 किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. श्रीकालहस्ती, कांचीपुरम आणि चिदंबरम मात्र खरोखरच 79.70 च्या आसपास, एकमेकांपासून शतांश अंशाच्या आत येतात. हा मेळ योजनापूर्वक घडला असेल का?

रेखांशांतील फरक म्हणजे स्थानिक वेळांतील फरक. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. सूर्यसिद्धान्तात चंद्रग्रहणाच्या आधारे हा फरक काढण्याची रीत दिली आहे, आणि ती तत्त्वतः निर्दोष आहे. परंतु पृथ्वीच्या छायेची कडा धूसर असते. ग्रहणाची वेळ एका मिनिटाने चुकली, तरी स्थान 27 किलोमीटरांनी सरकते. शतांश अंशाच्या अचूकतेसाठी सुमारे अडीच सेकंदांची अचूकता हवी. डोळ्यांनी पाहिलेल्या ग्रहणातून ती साधत नाही.

निवडीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. 12 ज्योतिर्लिंगांपैकी केदारनाथ, श्रीशैल आणि रामेश्वर या पट्ट्यात येतात, सोमनाथ 70.4 वर आहे, काशी 83 वर. देशात शिवमंदिरे असंख्य आहेत. त्यांतून सोयीची तेवढी उचलली, तर हवी ती रेषा आखता येते.

मग नकाशा इतिहासाला काय देतो? सातव्या-आठव्या शतकांतील तेवारम स्तोत्रांत गायिलेली 276 स्थळे त्यावर मांडली, की त्यांपैकी सुमारे 190 कावेरीच्या चोळमंडलात दाटलेली दिसतात. जिथे पाणी, तिथे भातशेती. जिथे शेती, तिथे गाव, दान आणि देऊळ. उरलेले काम किनाऱ्याने केले. तमिळ किनारा बराचसा दक्षिणोत्तर धावतो, म्हणून त्यामागच्या सुपीक मैदानातील तीर्थेही साहजिकच अरुंद पट्ट्यात आली.

देवळांचा आणि भूमापनाचा खरा संबंधही याच भूमीत आहे. 1808 मध्ये विल्यम लॅम्ब्टन तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर अजस्र थिओडोलाइट चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र दगडी भिंतीवर आदळले. त्याने ते स्वतः दुरुस्त करून मोजणी पुढे चालू ठेवली. सपाट मैदानात दूरवर पाहण्यासाठी देवळाहून उंच दुसरे काही नव्हते.

प्राचीन स्थपतींचे मोठेपण काल्पनिक रेषेवर अवलंबून नाही. बृहदीश्वराचे शिखर त्याची साक्ष देत आजही उभे आहे. आधी सर्व बिंदू मांडावेत, रेषा मागाहून शोधावी: नकाशा वाचणाऱ्याने एवढे पथ्य पाळले तरी पुरे.