भीमेकाठचा कडू भोपळा आणि मिरजेचे सतारमेकर

सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या परिसरात भीमेच्या काठी एक भोपळा पिकतो. तो कडू असतो, भाजीला चालत नाही. मात्र मैफलीत गवयाच्या पाठीमागे घुमणारा षड्ज बहुधा अशाच भोपळ्याच्या पोटातून येतो. या भोपळ्याला तानपुऱ्याचे रूप देणाऱ्या घराण्याची ही हकिकत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे गिऱ्हाईक आटू लागले. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते ते असे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या दोघा शिकलगारांनी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, आधी तंतुवाद्यांची दुरुस्ती केली आणि मग नवी वाद्ये घडवायला घेतली. शस्त्रांवर निर्बंध घालणारा इंग्रजांचा मोठा कायदा आला तो १८७८ मध्ये. म्हणजे ही हकिकत खरी मानली, तर वारे कुठे वाहणार हे या दोघांनी बरेच आधी ओळखले होते. पुढे वंशजांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आणि ते राहत त्या वस्तीला सतारमेकर गल्ली म्हणू लागले.

तलवार आणि तानपुरा यांचे नाते वरवर विचित्र वाटते. पण जवारी पाहा. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि तिच्यातून स्वरांचे झुंबर फुटते. कानसीचा एक हात जास्त पडला, की नाद मेला. पात्यावरून बोट फिरवून धार जोखणाऱ्या माणसाला हे काम परके वाटले नसावे, असे मला वाटते. आजही जवारी कानानेच लावतात.

गिऱ्हाईकही चालून येत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत आणि तेथून मध्यमवर्गाच्या घरात शिरले, तसा तानपुराही शिरला. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचे उत्तम अंग होते. अशा गिऱ्हाइकापुढे कारागिराला हातचे राखून चालत नाही.

युरोपात चर्चचे ऑर्गन बांधणारी घराणीही अशीच नांदली. अठराव्या शतकातील झिल्बरमान बंधूंचे नाव त्यांच्या ऑर्गनांसह टिकले. त्या नळ्यांसाठी कथील खणणाऱ्यांचे नाव मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडेही तेच झाले. मिरजेचे नाव झाले, भीमाकाठ अनामिक राहिला.

वास्तविक तानपुऱ्याचा आकार शेतातच ठरतो. मोठ्या घेराचा भोपळा मर्दानी तानपुऱ्याला, त्याहून लहान जनानीला. कारागीर भोपळा कापतो, भिजवतो, आतला गर खरवडतो, त्याला तुनीच्या लाकडाची दांडी आणि तबली जोडतो. घेर मात्र त्याला वाढवता येत नाही. साल जाड हवी आणि फळ वेलावरच पुरते जून व्हायला हवे. त्यात ऐन वाळणीला पाऊस आला, तर अख्खे पीक कुजते.

पंढरपूर आणि मिरज यांना एका रुळाने जोडले ते बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फुटी रुळांची ही चिमुकली गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. वारकऱ्यांची गाडी म्हणून तिची आठवण निघते. वाद्यांच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

उजनी धरणाचे पाणी आले आणि भीमाकाठ उसाकडे वळला. साखर कारखान्याला घेर मोजावा लागत नाही, की साल ठोकून पाहावी लागत नाही. अशा हिशेबात कडू भोपळ्यासाठी रान अडकवून ठेवणारा शेतकरी किती काळ तग धरणार?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरज सांगली जिल्ह्यात. भोपळ्याचे रान सोलापूर जिल्ह्यात.