खिशातला चाकू आणि शाळेची चिठ्ठी



परवा दुपारी खालच्या प्लॉटात कलमं चालली होती. डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम, आपलं नेहमीचंच काम. टोळीतला माणूस काडीला पाचर करून देत होता, मी पट्टी गुंडाळत होतो, तेवढ्यात शाळेतून फोन आला. पोरगा सहावीत आहे. त्याच्या दप्तरात चाकू सापडला म्हणे.

चाकू माझाच. जत्रेतला, चाळीस रुपयांचा, दोन इंचाचं पातं. मधल्या सुट्टीत पोरानं त्यानं पेरू कापून चौघांत वाटला. बाईंनी बघितलं आणि ऑफिसात नेलं. मी गेलो, चिठ्ठीवर सही केली, चाकू परत घेतला. बाईंचं काहीच चुकलं नाही. एवढ्या पोरांच्या वर्गात उद्या कुणाचं बोट कापलं तर आधी त्यांनाच विचारणार. पण पोरगं घरी येईपर्यंत गप्प होतं, आणि दारात आल्यावर एकच बोललं, "पप्पा, तुमच्या खिशात तर रोज असतो."

खरंय. रोज असतो. ठिबकची नळी कापायला, सुतळी तोडायला, खताच्या पोत्याची शिवण उसवायला, काडी खरवडून आतून हिरवी आहे का बघायला. घराची किल्ली एखादवेळी विसरेन, चाकू नाही विसरत. आणि घरात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अजून चौदा आहेत. एकही महागाचा नाही. पहिला आण्णांचा, धार लावून लावून पातं निम्मं झालेला. बाकीचे जत्रेतले, आठवडी बाजारातले, दोन-तीन पाहुण्यांनी परदेशातून आणलेले. पोराला उत्तर द्यायच्या आधी डबा उघडून बसलो. यातल्या काही चाकवांची गोष्ट मला बऱ्यापैकी माहीत आहे, ती आज लिहितो. उत्तर त्यातच सापडलं.

मिटणारा चाकू ही जुनी युक्ती आहे. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचं मिठाच्या खाणीचं गाव आहे. तिथं अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडलाय. रोमन लोकांकडेही असे चाकू होते. कारण साधं आहे. धार उघडी ठेवून खिशात घालता येत नाही, आणि म्यान सांभाळत बसायला कामकरी माणसाला वेळ नसतो. मूठ हेच म्यान केलं की झालं. अडचण एकच, उघडलेलं पातं उघडंच कसं ठेवायचं? मिटणाऱ्या चाकूचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

इंग्लंडच्या शेफील्डनं त्यावर पाठीच्या पट्टीचं उत्तर काढलं. मुठीच्या पाठीत स्प्रिंगसारखी पोलादी पट्टी, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. तिथंच सतराव्या शतकात बार्लो नावाचा चाकू निघाला. एक-दोन पाती, पुढं लांब लोखंडी टोपण, दणकट आणि स्वस्त. हा अमेरिकेत शेतकऱ्यांच्या आणि पोरांच्या खिशात इतका गेला की मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर' या १८७६ च्या कादंबरीत टॉमला पाठांतराचं बक्षीस म्हणून बार्लोच मिळतो. किंमत साडेबारा सेंट. त्या पोराला आभाळ ठेंगणं होतं.

पण स्वस्त चाकूची किंमत कुणीतरी भरतच असतं. शेफील्डला धार लावणारे कामगार दिवसभर दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत घ्यायचे. त्या आजाराला 'ग्राइंडरचा दमा' असंच नाव पडलं होतं. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. फ्रान्समधल्या थिए या चाकूच्या गावात धार लावणारे पाणचक्कीच्या दगडावर आडव्या फळीवर पोटावर झोपून काम करायचे. गारठ्यात ऊब म्हणून पायांवर कुत्रं बसवलेलं असायचं. चाळीस रुपयांचा चाकू हातात घेताना हे मला आठवतं. आपला माल मातीमोल भावानं जातो तेव्हा आपल्याला कसं वाटतं, तसंच.

आता माझ्या आवडीचा. भाचा फ्रान्सला कामाला गेला होता, त्यानं आणलेला ओपिनेल. आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ.

आल्प्सच्या डोंगरात सावोय नावाचा मुलूख आहे. तिथं ओपिनेल हे घराणं शेतकऱ्यांची अवजारं घडवायचं. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीच्या सुऱ्या. आपल्याकडे लोहार किंवा घिसाडी करतात तेच काम. घरातला थोरला पोरगा जोसेफ, जन्म १८७२. त्याला यंत्रांचं वेड. १८९० साली, अठराव्या वर्षी, त्यानं खिशातला चाकू बनवला. बापाला ते पटलं नव्हतं. कुऱ्हाडी घडवणाऱ्या घरात हे काय खेळणं, असंच वाटलं असणार. जोसेफ ऐकला नाही. लाकडाच्या अखंड मुठीत पात्यासाठी खाच पाडायचं यंत्र त्यानं तयार केलं आणि १८९७ पर्यंत एक ते बारा नंबरचे आकार काढले. एक नंबरचं पातं दोन सेंटिमीटर, बारा नंबरचं बारा. पुढं एक आणि अकरा बंद पडले, बाकीचे नंबर अजून निघतात.

या चाकूला पाठीची स्प्रिंग नाही. पातं, मूठ, एक रिव्हेट आणि मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं, एवढाच कारभार. सुटे भाग कमी म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून गुराखी, द्राक्षमळ्यातला मजूर, रेल्वेचा कामगार अशा सगळ्यांच्या खिशात. १९०९ साली जोसेफनं पात्यावरची खूण नोंदवली, आशीर्वादाचा हात आणि त्यावर मुकुट. हात जवळच्या सँ-झाँ-द-मोरियेन गावाच्या चिन्हातला, मुकुट सावोयच्या राजघराण्याचा.

लाकडी मुठीचा एक दोष आहे. पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं आत अडकतं. नखानं ओढलं तर नख तुटेल पण पातं हलणार नाही. सावोयच्या शेतकऱ्यांनी त्यावर इलाज शोधला. मुठीचं बूड दगडावर एकदा ठोकायचं, पातं आपोआप डोकं वर काढतं. मी जुलैत बांधावरच्या दगडावर ठोकतो, बरोबर चालतं. दुसरी सवय म्हणजे काम झालं की पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. साधं पोलाद आहे, कैरीच्या रसानं काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर गंजतं. पण नदीच्या दगडावर पाच मिनिटांत धार येते.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे ओपिनेल नव्हता. जत्रेतल्याच चाकूनं कलमं करत होतो. खुंट चिरताना पातं लाकडात रुतलं. मी मागंपुढं हलवायला गेलो आणि पातं मिटलं ते थेट बोटावर. तीन टाके. अजून थंडीत ते बोट आखडतं. नंतर वाचलं की सावोयमध्येही हाच प्रश्न होता. १९५५ साली जोसेफचा पोरगा मार्सेल यानं तोंडाच्या कड्यावर दुसरं फिरतं कडं बसवलं. पातं उघडलं की कडं थोडं फिरवायचं, खाच बंद होते, पातं मागं येऊच शकत नाही. त्याला विरोब्लॉक म्हणतात. पाचवा भाग, बस्स. २००० सालापासून तेच कडं मिटलेलं पातंही बंद ठेवतं, म्हणजे खिशात चुकून उघडायची भीती नाही. पहिला चाकू निघाल्यावर पासष्ट वर्षांनी हे सुचलं. तोवर किती बोटं गेली असतील, कुणी मोजली?

डब्यातला दुसरा महत्त्वाचा चाकू जपानी. नाव हिगोनोकामी, म्हणजे साधारण 'हिगो प्रांताचा सुभेदार'. नाव मोठं, वस्तू गरीब. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, एक रिव्हेट. पात्याच्या बुडाला छोटी दांडी असते, ती अंगठ्यानं दाबून धरायची. खटका नाही, स्प्रिंग नाही, तुमचा अंगठा हाच खटका. जपानात १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली. त्यानंतर वीस-एक वर्षांत मिकी नावाच्या, सुतारांच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हा चाकू घडू लागला.

पुढं तो शाळेच्या पोरांचा चाकू झाला. पेन्सिलीला टोक काढायला, बांबूची खेळणी करायला. दप्तरात हिगोनोकामी असणं ही तिथं साधी गोष्ट होती.

मग १९६० चा ऑक्टोबर आला. टोकियोत भर सभेत, व्यासपीठावर, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांना एका सतरा वर्षांच्या पोरानं भोसकून मारलं. हत्यार होतं आखूड तलवार, पेन्सिलीचा चाकू नव्हे. पण देश हादरला. पोरांच्या हातात धारेची वस्तू द्यायची नाही अशी मोहीमच सुरू झाली. दप्तरातले चाकू गेले, पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं आली. मिकीतले कारागीर एकामागून एक हा धंदा सोडत गेले. आज हिगोनोकामी हे नाव वापरायचा हक्क असलेला एकच कारखाना उरलाय.

आपल्याकडे रामपुरीचं काय झालं? नवाबाच्या रामपूर संस्थानात कारागिरांनी खटक्याचा लांब चाकू घडवला. हिंदी सिनेमातल्या गुंडानं तो हातात घेतला आणि रामपुरी म्हटलं की खूनच डोळ्यांसमोर यायला लागला. पुढं सरकारी निर्बंध आले आणि घडवणारी घरं थोडकी उरली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्यात, आणि परवान्याच्या नियमात नऊ इंच लांबीची आणि दोन इंच रुंदीची मर्यादा आहे. आपले खिशातले चाकू त्याच्या आसपासही नाहीत. तरी मिरवणूक, सभा, कोर्ट, विमानतळ इथं जाताना मी तो घरी ठेवतो. समोरच्याला आपल्या खिशातलं मन दिसत नाही, चाकू दिसतो.

डबा बंद करताना मला जे वाटलं ते हे. चाकू हातात राहायला तीन गोष्टी लागतात. मजुराला परवडेल अशी किंमत, घरी दुरुस्त होईल इतकी साधी रचना, आणि तो कसा धरायचा हे शिकवणारं कुणीतरी. पहिल्या दोन जोसेफ ओपिनेलनं आणि मिकीच्या लोहारांनी दिल्या. जपानात पोरांचा चाकू गेला, कारण एका भलत्याच हत्यारानं केलेल्या खुनाची भीती त्याला चिकटली. आणि चाकू काढून घेतला की शिकवणंही थांबतं. मग ज्या हाताला धार माहीतच नाही, तोच हात पुढं कापून घेतो. मलाही आण्णांनी चाकू दिला, पण खुंट चिरताना पातं हलवायचं नाही हे बोट कापल्यावरच शिकलो. मी पोराला खिशातून चाकू दिसू दिला, शिकवलं काहीच नाही. चूक त्याची कमी, माझी जास्त.

ओपिनेल लहान पोरांसाठी सात नंबरचा एक चाकू काढतं, त्याचं टोक गोल असतं. तो काही माझ्याकडे नाही. मग काल गावातल्या लोहाराकडे गेलो आणि डब्यातल्या एका कड्याच्या चाकूचं टोक सहाणेवर गोल करून घेतलं. पोराला चार गोष्टी दाखवल्या. उघडला की आधी कडं फिरवायचं. कापताना पातं अंगापासून लांब न्यायचं. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. काम झालं की पुसून ठेवायचा. शाळेचा नियम शाळेत, रानाचा रानात. दप्तरात दिसला तर परत डब्यात जाणार.

आज सकाळी त्यानं पन्नास-साठ सुतळ्या तोडल्या. तिसऱ्याच सुतळीला अंगठ्याला ओरखडा. त्याच्या आईनं हळद लावली आणि माझ्याकडे जे बघायचं ते बघितलं. पोरगा परत ओळीत गेला, कडं फिरवलं का ते दोनदा तपासलं आणि कामाला लागला.

मंडळी, तुमच्या हातात पहिला चाकू कुणी दिला आणि देताना काय सांगितलं, ते खाली लिहा. पोराला वाचून दाखवायचंय.