वेढ्यातलं खरेदीखत

तुम्ही यरुशलेमात उभे आहात. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचं हे दहावं वर्ष. आपल्या हिशेबाने इ.स.पू. 587 चा सुमार. वेशी बंद आहेत. तटाबाहेर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने मातीचे भराव रचत आणलेत आणि ते दिवसागणिक उंच होत चाललेत. आतली माणसं घरं पाडून त्यांचे दगड तटाला लावताहेत. भटाऱ्यांच्या आळीत शिरलात तर भट्ट्या बहुतेक थंड. गावातलं पीठ सरत आलंय. पोरं रडत नाहीत, नुसती बसून असतात.

राजवाड्याकडे चला. पहारेकऱ्यांच्या चौकात एक कैदी आहे: यिर्मया, हिल्कीयाचा मुलगा, अनाथोथच्या याजकांच्या घराण्यातला. चाळीसेक वर्षं हा माणूस देवाचा निरोप लोकांना ऐकवत आलाय. हे शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जाणार, असं तो सांगतो. राजाने त्याला इथे डांबलंय ते त्यासाठीच.

एवढ्यात त्याचा चुलतभाऊ हनामेल चौकात येतो. त्याला अनाथोथमधलं शेत विकायचंय, आणि ते यिर्मयाने घ्यावं असा त्याचा आग्रह आहे. नियमशास्त्राप्रमाणे हक्क यिर्मयाचाच. भावकीतली जमीन विकायची वेळ आली तर जवळच्या नातलगाने ती सोडवायची, म्हणजे वाडवडिलांचं वतन घराण्यात राहतं. पण अनाथोथ इथून ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटर आणि तो सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. शिवाय याच गावच्या लोकांनी एकदा यिर्मयाच्या जिवावर उठून कट केला होता. तुम्ही त्याच्या जागी असता तर हनामेलाला काय सांगितलं असतंत?

यिर्मया शांत आहे. भाऊ येणार आणि शेताची गोष्ट काढणार, हे परमेश्वराने त्याला आधीच सांगितलं होतं. आता तो खरोखर समोर उभा राहिल्यावर हा देवाचाच शब्द, याची त्याला खात्री पटलीय. तो शेत घ्यायला तयार होतो.

जवळ सरका आणि नीट पाहा. नाणी अजून इथे चलनात आलेली नाहीत. चांदी तोलून द्यायची. तागडीच्या एका पारड्यात चुनखडीची, माथ्याला घुमटासारखी गोल वजनं, दुसऱ्यात चांदीचे तुकडे. 17 शेकेल. एक शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा, म्हणजे सगळी मिळून दोनशे ग्रॅमच्याही आत. पारडी समपातळीत येईपर्यंत कोणी बोलत नाही. ज्या शहरात उद्याच्या भाकरीचा भरवसा नाही, तिथे एक कैदी, पायही ठेवता येणार नाही अशा जमिनीची पै न् पै मोजून देतोय.

मग खरेदीखत. त्याचे दोन भाग आहेत, एक मोहोरबंद आणि एक उघडा. मोहोरबंद भागाची गुंडाळी करून दोरी आवळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मोहोर उठवायची. उघडा भाग रोजच्या कामाला. पुढे तंटा झालाच तर मोहोर फोडून मूळ लेख पाहायचा. बोटाच्या पेराएवढे हे मातीचे गोळे लक्षात ठेवा. 1982 साली यरुशलेमच्या दावीदनगरात उत्खनन चालू असताना, हे शहर पुढे पडलं त्या विनाशात जळालेल्या एका घरात असे पन्नासच्या आसपास गोळे सापडले. कागद जळून गेले, पण त्याच आगीत माती भाजून घट्ट झाली. एका ठशावर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचं नाव आहे. याच नावाच्या माणसाच्या दालनात यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली होती.

चौकात बसलेल्या यहूद्यांच्या देखत साक्षीदारांच्या सह्या होतात. यिर्मया दोन्ही लेख नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हाती देतो आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. कारणही तो सगळ्यांसमोर सांगतो: या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं इस्राएलच्या देवाचं वचन आहे.

इथून लगेच निघू नका. लोक पांगल्यावर यिर्मया प्रार्थनेला लागतो. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या, आपल्या लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या देवाची तो आठवण काढतो आणि मग मनातलं बोलून टाकतो: हे भराव तटाला येऊन भिडलेत, तलवार, दुष्काळ आणि मरी यांनी शहर गेल्यात जमा आहे, आणि अशा वेळी तू मला शेत घे म्हणतोस! खरेदीखतावरची माती अजून ओली आहे, तरी त्याच्या मनातला प्रश्न मिटलेला नाही.

देव त्याला झिडकारत नाही. मला काही अवघड आहे का, असं विचारून तो दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगतो. शहर पडेल. आणि मी माझ्या लोकांना परत आणीन. गोड बोलून तो पहिली गोष्ट लपवत नाही आणि पहिलीच्या धाकाने दुसरी मागेही घेत नाही.

पुढच्या वर्षी तट फुटला, मंदिर जळालं, लोक बाबेलला नेले गेले. मागे उरलेल्यांनी यिर्मयाचं न ऐकता मिसरची वाट धरली आणि त्यालाही सोबत नेलं. पवित्र शास्त्रात तो आपल्याला शेवटचा दिसतो तो मिसरातच. आपल्या शेतात त्याने पाऊल ठेवल्याचा उल्लेख कुठेही नाही.

आता पन्नास वर्षं पुढे या. इ.स.पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकलं आणि यहूद्यांना परतायची मुभा दिली. परत आलेल्यांची गाववार मोजदाद एज्राच्या पुस्तकात आहे. तिथे एक ओळ अनाथोथची: पुरुष 128. नहेम्याच्या यादीतही आकडा हाच. यिर्मयाच्या गावात पुन्हा चूल पेटली.

तुमच्याही घराला आज कसला तरी वेढा पडला असेल. आजारपण, कर्ज, गेलेली नोकरी, दुरावलेलं मूल. विश्वास असेल तर मन डगमगणार नाही, असं कोणी सांगत असेल तर त्याला यिर्मयाची ही प्रार्थना दाखवा. त्याचं मन हललं होतं, पण चांदी आधीच तोलून झाली होती. देवाने सांगितलेलं आजचं काम पुरं करा, मग ते माफी मागण्याचं असो, शेजाऱ्याला वाटा देण्याचं असो की मुलांना नेटाने वाढवण्याचं. त्याचं फळ कदाचित पुढची पिढी खाईल, आणि तेही वचन पाळणंच आहे. मनात जे खदखदतंय ते सगळं देवापुढे मांडा. यिर्मयाचं त्याने पुरतं ऐकून घेतलं आणि त्याला उत्तर दिलं. तुमचंही तो ऐकेल.