जिरायत आणि जिरवण : जालना भागातील शेतीच्या पाण्याचा इतिहास

'जिरायत' हा शब्द अरबी 'जिराअत' पासून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. मूळ अर्थ केवळ शेती. मराठी मुलखातील महसुली व्यवहारात 'बागायत' या शब्दाशी त्याची जोडी जमली आणि पावसावर पिकणारी जमीन एवढाच अर्थ शिल्लक राहिला. जेथे बहुतेक रान कोरडवाहू, तेथे शेतीचे सामान्य नाव कोरडवाहू शेतीलाच चिकटावे, हे स्वाभाविक होय. 'जिरणे' हे क्रियापद संस्कृत 'जीर्ण'च्या कुळातील. त्याचा 'जिरायत'शी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तथापि जालना भागात या दोन शब्दांची गाठ शेतातच पडली.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ साली. काळ्या खडकात पाणी साठण्यास जागा थोडी, म्हणून विहीर व मोट यांच्या आधाराने होणारी बागायत मोजकीच राही. १९७२ च्या दुष्काळात कामांवर आलेल्या मजुरांच्या हातून पाझर तलाव व नालाबांध झाले. त्या कामांचा मुख्य हेतू पोटाला अन्न मिळावे हा होता. उताराचा विचार पुष्कळदा मागे पडला.

तो विचार पुढे कडवंची गावी झाला. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या जालना येथील कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, भारत-जर्मन कार्यक्रमाच्या साहाय्याने, १९९६ पासून तेथे पाणलोटाचे काम हाती घेतले. माथ्यावर समतल चर, मध्ये शेतांची बांधबंदिस्ती आणि अखेरीस नाल्यावर बांध, हा क्रम महत्त्वाचा. माथा मोकळा ठेवून पायथ्याशी बांध घातल्यास तो गाळानेच भरतो. येथे पाणी वरपासून रेंगाळले, मुरमात जिरले व विहिरींत उतरले. पुढे ठिबक व शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असता त्या तगल्या.

परंतु शेततळ्याचे नाव तळ्याचे असले, तरी प्लास्टिकचे अस्तर घातल्यावर त्यातून काहीच जिरत नाही. मराठवाड्यात अनेक ठिकाणी ते पावसाने नव्हे, विहिरीच्या उपशाने भरतात. वरच्या शिवारात सर्वांनी मिळून जिरविलेले पाणी अशा रीतीने एकाच्या बागेत साठते. त्याच विहिरींवर अवलंबून असलेल्या शेजाऱ्याची रब्बी ज्वारी मात्र ओलाव्याची वाट पाहते. सातबाऱ्यावर जिरायत व बागायत क्षेत्र लिहिले जाते. विहिरीतून किती पाणी उपसले, याचा रकाना तेथे नाही.