सूत कोणाच्या हातचं?

घोंगडीचं वर्ष दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतं. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात मेंढरं धुऊन घेतलेली असतात, आणि माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर कातरी चालू लागतात. मेंढरू आडवं पाडायचं, पाय बांधायचे आणि कातडीला न टोचता कातर सरकवत न्यायची. दुसरी कातरणी उन्हाळ्यात. दोन्ही मिळून एक दख्खनी मेंढी वर्षाला अर्धा-पाऊण किलो लोकर देते. मोठ्या घोंगडीला अडीच-तीन किलो लागते. म्हणजे एक घोंगडी अंगावर घेतली की चार-पाच मेंढ्यांचं वर्ष अंगावर येतं. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर ती जावळ. ती मऊ, म्हणून वेगळी ठेवायची. जावळाची घोंगडी बाळंतिणीला किंवा लेकीच्या रुखवतात.

हे सगळं मी आजीकडून ऐकलं. ती ओसरीवर चरखा घेऊन बसायची आणि बोलत राहायची. शाळेतली नोकरी संपल्यावर मी तिचाच चरखा माळ्यावरून खाली काढला, नवी माळ घातली, चाती सरळ करून घेतली आणि शेजारी एक वही ठेवली. डाव्या पानावर काय कातलं ते, उजव्या पानावर कातताना कोण काय बोललं ते. गावातल्या जुन्या बायका येऊन बसू लागल्या. हाताला काम असलं की माणसं मोकळी बोलतात, हे आजीच्या ओसरीवर लहानपणीच कळलं होतं.

दख्खनी लोकर भरड, आखूड आणि केसाळ. मेरिनोची मऊ लोकर हाताळलेल्याला ती टोचते. आधी ती निवडायची: कुसळं, काटे, लेंड्यांचा चुरा काढायचा. काळी, पांढरी, करडी वेगळी करायची. रंगवायची पद्धत नाही, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. मग पिंजण. तार ताणलेल्या धनुकलीनं लोकर फुलवली की तिचे पेळू वळायचे. उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळू मागं ओढतो. सूत चातीच्या टोकाशी तिरकं धरलं की प्रत्येक फेऱ्याला टोकावरून निसटतं आणि त्याला पीळ बसतो. हातभर सूत झालं की चाक किंचित उलटं फिरवायचं, हात आडवा करायचा, की तेच सूत चातीवर गुंडाळलं जातं. ओढ जास्त झाली तर तुटतं, कमी झाली तर गाठ राहते. ताण्याच्या सुताला घट्ट पीळ हवा, बाण्याचं सैल चालतं, कारण माग ताण्याला ओढतो.

आजीची एक गोष्ट धनगरवाड्यांवर सगळीकडे ऐकू येते. आधी मेंढरं वारुळात होती. एक दिवस वारूळ फुटलं आणि ती लोंढ्यानं बाहेर पडली. रान खाल्लं, पिकं खाल्ली, कुणाला आवरेनात. तेव्हा महादेवानं त्यांना राखायला माणूस केला, तो पहिला धनगर. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन अभ्यासकानं महाराष्ट्रात हिंडून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या अशा कथा आणि धनगरी ओव्या जमवल्या. ओवी गायची, थांबायचं, मग तोच भाग बोलून सांगायचा, असा त्या गाण्याचा रिवाज. रात्र रात्र चालणाऱ्या त्या गाण्याला आमच्याकडं पुरुष बसत. बायका मागं बसून ऐकत आणि घरी येऊन आपल्या परीनं सांगत. आजी वारुळाच्या कथेला शेवटी एक वाक्य जोडायची: "राखाया गडी केला देवानं, पर लोकर पडली ती बाईच्या पदरात." हे वाक्य मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

दिवाळी झाली की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, हलायचे. माण, खटाव, फलटणकडची मेंढरं घाट उतरून कोकणात जायची. घोड्यांवर बिऱ्हाड, पोरं, कोंबड्या. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा मिळे. कोकणात भाताच्या कापलेल्या खाचरांत तेच. मृगाच्या आधी परत फिरायचं, कारण तिथला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. म्हाताऱ्या बायका गावीच राहायच्या. पोत्यांत भरून ठेवलेली लोकर आणि चरखा त्यांच्या वाटणीला. सहा-सात महिने घरात पुरुष नाही, आणि वर्षाचं सूत त्याच महिन्यांत निघायचं.

वाटाही पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव रानं ठरली, चराईला बंधनं आली. जुन्या माणसांना साल ठाऊक नसतं. कुठल्या खिंडीत मेंढरं थांबेनाशी झाली, कुठला डोंगर बंद झाला, ते मात्र अगदी बोट दाखवून सांगतात. एका म्हातारबांनी आपल्या आज्याच्या तोंडचं सांगितलं, की रान बंद झाल्यापासून कळप लहान झाला आणि घरातल्या दोन चरख्यांतला एक मोडून चुलीत गेला.

बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. रोजगाराचं काम, मदतीत मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, या तीन गोष्टी त्या पिढीला विसरता येत नाहीत. मेंढरं कवडीमोलानं गेली. उरलेल्यांची लोकर घरात होती, तरी कातणं थांबलं. खडी फोडून फोडांनी हात खरबरीत होतात, पेळू हाताला अडकतो, सूत सारखं तुटतं. "लोकरीला त्येलकट हात लागतुया," आजी म्हणायची, "दगडाचा हात न्हाय चालत." त्या वर्षी आमच्या घरात नवी घोंगडी झाली नाही. दुष्काळाच्या हिशेबात जनावरं आणि माणसं मोजतात. थांबलेले चरखे कुणी मोजले असतील असं वाटत नाही.

सूत झालं की ते सणगराकडं जायचं. म्हसवडसारख्या बाजारगावांत सणगर विणकरांची घरं असत. आमचं सूत ज्यांच्याकडं जायचं त्या म्हाताऱ्या विणकरांना सगळे तात्याच म्हणत. त्यांचा माग खड्ड्यातला: पाय खड्ड्यात, बूड जमिनीच्या पातळीला. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भरडून, शिजवून केलेला हा लगदा कुंच्यानं ताण्यावर ओढत न्यायचा आणि उन्हात वाळवायचा. त्यामुळं केसाळ सूत गुळगुळीत होतं आणि मागावर तुटत नाही. खळ वाळायला ऊन हवं, म्हणून पावसाळ्यात माग बहुधा मुका.

तात्यांची जुनी वही मी या वर्षी पाहिली. सूत किती आलं, घोंगडी कधी नेली, मजुरी दिली की राहिली, सगळं लिहिलेलं. नावं सगळी बाप्यांची, ज्यांनी सूत आणून टाकलं त्यांची. मी विचारलं, "तात्या, कातणारीचं नाव कुठं आहे?" ते हसले आणि माळ्यावरच्या शिल्लक लडी काढून माझ्यापुढं टाकल्या. एक बोटांत चोळली. "ही बघा, पीळ घट्ट पण मधेच जाड. ही त्या वस्तीवरच्या थोरल्या सुनेची, तिला घाई असायची." दुसरी चोळली. "ही तुमच्या आजीची. एकसारखी. हिचा ताणा मागावर कधी तुटला नाही." चाळीस वर्षांपूर्वीचं सूत हाताला लावून तात्या बाईचा स्वभाव सांगत होते. वहीत बाप्याची नोंद होती, बोटांत बाईची.

तात्यांच्या हिशेबानं घोंगडी मागावर दोन-तीन दिवसांत उतरते. तिचं सूत कातायला घरातल्या बाईला भाकरी, पाणी, पोरं सांभाळून महिना सहज जातो. तरीही घोंगडी ओळखली जाते ती विणणाऱ्याची, नाही तर मेंढरं राखणाऱ्याची. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नं १९५५ साली मराठी वाचकाला माणदेशी धनगर दिला, तोही मेंढरांमागं जाणारा. वारीतल्या खांद्यावरची घोंगडी, जागरणात अंथरलेली घोंगडी, पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर उधळली जाणारी लोकर, या सगळ्याला देवाचा आणि भक्ताचा पत्ता आहे. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं, तेव्हा त्या देवाच्या घोंगडीलाही इतिहासात जागा मिळाली. कातणारी अजून बाहेरच उभी आहे.

आणि आता कातायलाच कमी उरलं आहे. गिरणीचं ब्लँकेट स्वस्त आणि हलकं. बाजारात मेंढी वजनावर जाते, म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला मोठा भाव: उंच, पोपटनाकी, अंगानं भरलेली, पण अंगावर लोकर नावालाच. फलटणच्या निंबकर संस्थेनं 'नारी सुवर्णा' ही जुळी कोकरं देणारी जात तयार केली, तिचाही हिशेब मांसाचा. मेंढपाळाला यात दोष देता येत नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, तेव्हा लोकर बांधावर टाकून वाडा पुढं जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, ही बातमी मी ओसरीवर वाचून दाखवली. एका आज्जीनं विचारलं, "मग लोकरीचा भाव काय लावलाय त्यांनी?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. लोकरीचे पैसे, पिंजणाचे, खळीचे, विणकराची मजुरी, आणि शेवटी कातणीचा महिनाभराचा रोज, शेतावर बाईला जो मिळतो तोच. बेरीज बाजारातल्या घोंगडीच्या किमतीच्या कितीतरी वर गेली. नीट कातलेली घोंगडी महाग पडते, म्हणून ती मोडीत निघाली, असं सगळे सांगतात. पण आमच्या आज्यांच्या काळी ती स्वस्त होती ती कातणीचा रोज कुणी धरतच नव्हतं म्हणून. परवडायचं ते तिच्या फुकटच्या महिन्यावर.

तात्यांनी वही मला वापरायला दिली आहे. ते लडी चोळून सांगतात, मी बाप्याच्या नावाशेजारी लिहिते: ह्याची आई, त्याची थोरली सून, ह्याची विधवा बहीण. आणि गावात कुणी नवी घोंगडी मागायला आलं की किमतीत कातणीचा रोज आधी धरते, मग बाकीचं. गिऱ्हाईक कमी येतात. येतात ते मात्र सूत कोणाचं, हे विचारून घेतात.