हँडेलचा उजवा हात

संगीताने दिवे पेटतात, पाऊस पडतो, हरणे जागच्या जागी खिळून राहतात, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तानसेनाच्या नावावर तर त्या इतक्या साठल्या आहेत, की खरा तानसेन त्यांच्याखाली कुठे तरी दडपून गेला असावा. या कथांशी माझे वाकडे नाही. पण वाजवण्याने लुळा पडलेला हात हलू लागतो, असे कोणी सांगू लागला की मी जरा सावरून बसतो. अर्धांगवायूने पडलेले माणूस ज्या घरात आहे, त्या घराला दिवे पेटवायचे नसतात. भाताचा घास आपल्या हाताने तोंडापर्यंत नेता यावा, एवढेच त्याचे मागणे असते.

या विषयाच्या मागे मागे जाऊ लागले म्हणजे गाठ पडते ती जॉर्ज फ्रेडरिक हँडेलशी. 1737 साली तो बावन्न वर्षांचा होता. जन्माने जर्मन, 1710 मध्ये हॅनोव्हरच्या दरबारी संगीतप्रमुख झालेला, आणि पुढे लंडनचाच होऊन राहिलेला हा धिप्पाड गृहस्थ त्या वेळी ऑपेराच्या व्यवहारात गळ्यापर्यंत बुडाला होता. समोर बड्या सरदारांच्या पाठबळावर उभी असलेली दुसरी मंडळी. आपल्याकडील संगीत नाटक मंडळ्यांची चुरस ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना ही जीवघेणी ईर्षा निराळी समजावून सांगायला नको. ‘आर्मिनियो’, ‘जुस्तिनो’ आणि ‘बेरेनीचे’ अशा तीन नव्या ऑपेरा त्याने त्या एका वर्षात रंगभूमीवर आणल्या. आणि एप्रिलमध्ये त्याचा उजवा हात गेला. मे महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्राने छापलेच, की हँडेलसाहेबांना पक्षाघाताचा विकार जडला असून उजवा हात कामाचा राहिलेला नाही. ज्याने ऑर्गन वाजवायचा, स्वतःच्या हाताने पानेच्या पाने लिहायची, त्याचा हा हात!

सप्टेंबरात तो आखन येथील गरम झऱ्यांवर गेला. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीला जातात तसेच. पुढची हकीकत जॉन मेन्वेअरिंग या चरित्रकाराने 1760 मध्ये, म्हणजे हँडेलच्या मृत्यूनंतर वर्षभराने लिहिली. इतर लोक बसत त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ हा हट्टी माणूस वाफाऱ्यात बसून राही. एके दिवशी कुंडातून निघून काही तासांतच तो तेथल्या मुख्य चर्चमध्ये ऑर्गनवर बसला आणि असा काही वाजवू लागला, की जोगिणींनी तो चमत्कारच मानला. शरद ऋतू सरण्याच्या सुमारास तो लंडनला परतला. ‘मसाया’ त्याने 1741 मध्ये अवघ्या चोवीस दिवसांत लिहून काढला, तो याच हाताने. स्टीफन झ्वाइगने हा प्रसंग इतका रंगवला आहे, की तो वाचल्यावर शंका काढायला जीव धजत नाही.

तरी शंका काढलीच पाहिजे. हा खरोखर मेंदूतला झटका होता की संधिवात, की शिशाची विषबाधा, यावर वैद्य मंडळी अजून भांडतात. इतक्या लवकर इतका पुरता गुण यावा, हेच त्यांना खटकते. आणि दुसरे असे, की मेन्वेअरिंगच्या सांगण्यात ऑर्गन कुंडानंतर येतो. वाद्याने हात बरा केला असे तो कुठेच म्हणत नाही. हात बरा झाल्याची ती साक्ष होती. साक्षीदारालाच वैद्य करून टाकले ते मागाहून आलेल्या भाविकांनी.

पण साक्षीदाराला खरोखरच वैद्यकी शिकवता येईल काय? हा प्रश्न पुढे जर्मनीतच विचारला गेला. मौज अशी, की विचारणाऱ्यांत एक होते हॅनोव्हरचे एकार्ट आल्टेनम्युलर, मज्जासंस्थेचे डॉक्टर आणि स्वतः बासरीवादक. झाबिने श्नायडर, थोमास म्युंटे आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. झटक्याने हात अधू झालेले वीस रोगी, पूर्वी वाद्याला कधी न शिवलेले. बोटांसाठी इलेक्ट्रॉनिक पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या, खांदा व कोपर यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ढोलांचे आठ पडदे. शिक्षकाने आधी वाजवायचे, रोग्याने मागून. प्रथम एकच स्वर, मग दोन-तीन, मग सप्तक, आणि शेवटी मुलांची गाणी व लोकगीते. आधी अधू हात एकटा, नंतर दोन्ही. तीन आठवड्यांत पंधरा बैठका.

यातली किल्ली मला पटते. रबरी चेंडू शंभर वेळा दाबला तरी चेंडू काही बोलत नाही. पट्टी बोलते, आणि तत्काळ बोलते. बोट उशिरा पडले की कानाला कळते, जोर कमी पडला की कळते. हाताचे हरवलेले भान कान भरून काढतो. शिवाय गाणे अर्धवट टाकवत नाही, म्हणून कंटाळा न येता तीच हालचाल पुनःपुन्हा होते. आपली पेटीही अशीच: उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर; दोघांपैकी एकाला चुकारपणा करण्याची सोय नाही.

त्या वीसांचे हात नेहमीचे उपचारच घेणाऱ्या दुसऱ्या वीसांपेक्षा अधिक सुधारले. मात्र वाजवणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांवर हा तास जादा मिळाला होता. गुण सुरांचा की जादा मेहनतीचा, हे त्यातून कळेना. बार्सिलोनाच्या संशोधकांनी पुढे दोन्ही गटांना सारखाच व्यायाम देऊन पाहिले आणि 2018 मध्ये निकाल छापला: दोन्ही गट सुधारले, हाताच्या बाबतीत दोघांत फरक पडला नाही. फक्त वाजवणाऱ्या गटात, ज्यांना मुळातच संगीतात अधिक गोडी वाटते, त्यांचे हात अधिक सुधारलेले दिसले.

तेव्हा घरी कोणी असे आजारी असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडून पेटी आणायला धावू नका. पण माणूस गाण्याचे वेडे असेल आणि पेटी माळ्यावर धूळ खात पडली असेल, तर डॉक्टरांना विचारून ती खाली काढायला हरकत नाही. भाता आधी तपासून घ्या. उंदरांनी कुरतडलेला असतो बहुधा.