नेट गेलं तरी गणित चालू: एसएसएचचा छोटासा इतिहास

गडचिरोलीत बसून पुण्यातल्या सुपरकॉम्प्युटरवर काम करता येतं का? येतं. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली 'परम ब्रह्म' सुरू झाला. अशा यंत्रावर खातं मिळालं की संशोधक एसएसएचने कुठूनही लॉगिन करतो. गंमत म्हणजे, पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये पहिला 'परम 8000' बनवला तेव्हा एसएसएच जन्मलंही नव्हतं.

तेव्हा दूरच्या कॉम्प्युटरवर जायला टेलनेट वापरायचे. त्यात पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड चोरले. तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकाने उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि जुलैमध्ये सगळ्यांना मोफत दिलं. एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23. मधलं 22 मोकळं होतं, ते त्याने मागून घेतलं. आज आपण बहुतेक जण वापरतो ते 1999 मधलं ओपनएसएसएच, ओपनबीएसडीच्या मंडळींनी काढलेलं.

म्हणजे एसएसएच एका प्रश्नावरचं उत्तर आहे: वाटेत कुणी चोरून ऐकतंय का? म्हणूनच पहिल्यांदा जोडताना ते समोरच्या यंत्राचा 'फिंगरप्रिंट' दाखवतं. केंद्राने दिलेल्या फिंगरप्रिंटशी तो जुळवा, मगच 'येस' म्हणा.

आपला प्रश्न मात्र वेगळा आहे: वाट टिकेल का? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तसंच पावसाळ्यात नेटचं. एसएसएच तुटलं की त्यात चालू असलेला प्रोग्रामही सहसा मरतो. सहा तासांचं गणित पाचव्या तासाला गेलं, तर परत पहिल्यापासून.

यावरचा उपाय एसएसएचपेक्षाही जुना आहे. 1987 मध्ये 'स्क्रीन' आला, 2007 मध्ये 'टीमक्स'. यांत आपलं सत्र पलीकडच्या कॉम्प्युटरवरच चालू राहतं. लॉगिन झाल्यावर आधी 'टीमक्स' सुरू करा. नेट गेलं तर पुन्हा लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' द्या, काम होतं तिथेच सापडेल.

मोठं गणित लॉगिन नोडवर चालवूच नका. स्लर्म असेल तर 'एसबॅच'ने रांगेत लावा आणि खुशाल लॅपटॉप बंद करा. मोठी फाइल 'आरसिंक'ने, 'पार्शल' पर्याय लावून पाठवा. मध्येच तुटली तर तीच आज्ञा पुन्हा द्या, आधी पोचलेला भाग वाया जात नाही.

थोडक्यात, वाटेतल्या चोरासाठी एसएसएच आणि तुटणाऱ्या वाटेसाठी टीमक्स. आपल्याकडे दोन्ही लागतात.